पांढऱ्या दातांआधी मिश्रीची डबी

लग्नसराई सुरू झाली की माझ्या भोरच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आठ दिवसांत दात पांढरे होतील का?" विचारणारी बहुतेक वेळा लग्नाची मुलगी असते आणि दात तिच्या आईचे असतात.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक मायलेकींची जोडी आली. गाव तोरण्याच्या पायथ्याचं. मुलगी शिरवळला कंपनीत कामाला. तिने मोबाइलवरून एक पाकीट मागवलं होतं. त्यात जेलच्या दोन सिरिंज, तोंडात धरायचा रबरी साचा आणि निळा उजेड पाडणारा छोटा दिवा. पाकिटावर मोत्यासारखे दात दाखवणारी बाई. आईने तोंडावरचा पदर काढलाच नाही. पदराआडूनच म्हणाल्या, "लग्नात फोटू काढत्यात ना ताई, म्हून आणलंय हिनं. मला बोलायचीबी चोरी झालीया."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. पुढचे दात काळपट तपकिरी, दोन दातांमधल्या फटी पार काळ्या. खालच्या दातांच्या मागे कीटण इतकं साचलेलं, की दात वेगवेगळे दिसतच नव्हते, दगडाची एक सलग पट्टी दिसत होती. मग मी खालचा ओठ बोटाने बाहेर ओढला. ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. भातलावणीत दिवसभर पाण्यात राहिलेल्या बोटांची कातडी जशी दिसते, तसा. पुसून जाईना.

"मावशी, मिश्री इथंच धरता ना?"

त्यांनी मान हलवली. मुलगी म्हणाली, "मॅडम, ते राहू द्या, दातांचं सांगा ना." मी ते पाकीट बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि तिला म्हटलं, दातांचंच सांगतेय.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत (वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात) काळ्या दातांचा प्रश्न हा बहुतेक वेळा मिश्रीचा प्रश्न आहे. तो न विचारता जो दात पांढरे करून देईल, तो दातांना रंग देईल आणि रोग तसाच ठेवील. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून हे मी ठामपणे म्हणते.

मिश्री मला पुस्तकातून कळलेली नाही. माझं माहेर कानंद खोऱ्यातलं. आमची आजी मागच्या पडवीत तीन दगडांवर फुटका तवा ठेवायची आणि त्यावर तंबाखू भाजायची. पानं आधी तपकिरी व्हायची, मग कोळशासारखी काळी. त्या धुराचा ठसका सगळ्या आळीला लागायचा. आम्ही पोरं तोंडावर फडकं धरून पळायचो आणि शेजारच्या बाया मात्र वाटी घेऊन यायच्या. भाजलेली तंबाखू पाट्यावर चुरायची, धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची, पत्र्याच्या गोल डबीत भरायची. ती डबी कमरेच्या केळात खोचलेली. सकाळी उठल्यावर मिश्री, भाकरी खाल्ल्यावर मिश्री, लावणीच्या चिखलातून बांधावर आल्यावर मिश्री, रात्री दिवा मालवताना मिश्री. डाव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं. आजीचे दात पडले तरी मिश्री सुटली नाही. ती हिरड्यांना लावायची. दात घासणं हे फक्त नाव होतं, काम तलफेचं होतं.

आमच्याकडच्या बाया सांगतात, मिश्री लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, डोकं धरतं, कामात मन लागत नाही. त्या खोटं बोलत नाहीत. तंबाखूतल्या निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि शरीराला त्याची सवय लागली की ते मिळेपर्यंत डोकं दुखतं, चिडचिड होते. व्यसन म्हणतात ते हेच. पण विडी ओढणारा पुरुष व्यसनी आणि मिश्री लावणारी बाई म्हणजे दात घासणारी, असा आपल्या घराघरांतला समज आहे. बायकांनाही तसंच वाटतं. "तुम्हाला काही व्यसन आहे का?" असं विचारलं की त्या कपाळाला आठ्या घालून "न्हाई" म्हणतात. "मिश्री दिवसातनं किती वेळा?" असं विचारलं की "चारदा-पाचदा" म्हणतात. नव्या डॉक्टरांना मी हेच सांगते, प्रश्न बदला.

हे आजचं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर बायकांमागे ३९ बाया मिश्री लावणाऱ्या निघाल्या, पुरुषांत हे प्रमाण शंभरात एकही नव्हतं. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच आया-आज्यांच्या तोंडात पाहून हे लिहून ठेवलेलं आहे. आज तरुण मुलींत मिश्री खूप कमी झाली आहे, हे मी रोज पाहते. पण चाळिशीच्या पुढच्या बायकांत ती अजून आहे. आता तवा ठेवायचीही गरज नाही, दुकानात पुडी मिळते.

काळ्या दातांवरून या बायकांना कुणी हसू नये, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. एके काळी आपल्याकडे काळे दात हा दागिना होता. सवाष्ण बाई दातांना दातवण लावायची. दातवण म्हणजे कडुनिंबाची काडी नव्हे, तर दात मुद्दाम काळे करायची पूड. हिराकस आणि हिरड्यासारखं तुरट फळ ही त्यातली मुख्य जोडी. हिरड्याच्या तुरटपणात टॅनिन असतं आणि हिराकशीत लोह. दोन्ही भिजवून एकत्र आली की काळीभोर होतात. जुन्या काळी शाईही अशी करायचे. भोरच्या पश्चिमेला तर हिरडस मावळच आहे, नावातच हिरडा ऐकू येतो आणि रानात अजून झाडं आहेत. तेव्हा पांढरेफेक दात म्हणजेच सौंदर्य हे काही अनादि काळापासून चालत आलेलं नाही. ज्या पिढ्यांनी काळे दात मिरवले, त्यांच्याच लेकीसुनांना आज फोटोत तोंड मिटून उभं राहावं लागतं.

आता त्या मावशींच्या दातांकडे येते.

दात दोन तऱ्हेने रंग बदलतो. एक रंग बाहेरून बसतो. मिश्री, तपकीर, पान, चहा यांचा. दुसरा दाताच्या आत असतो. बाहेरून बसलेला रंग काढायला पांढरं करणारं कुठलंही औषध लागत नाही. कंपन करणाऱ्या बारीक टोकाच्या यंत्राने, पाण्याचा फवारा सोडत कीटण काढायचं आणि मग मऊ ब्रशने दात घासून गुळगुळीत करायचे. फार साचलं असेल तर दोन वेळा यावं लागतं. एवढंच. या बायकांच्या कीटणाखालचे दात पुष्कळदा मुळात चांगले असतात. तासाभराने हातात आरसा दिला की त्या आधी जीभ फिरवून पाहतात आणि मग आरशात.

पण याच उपायाविषयी आपल्या भागात सगळ्यात मोठी भीती आहे. "मशीन लावलं की दात हलत्यात." गावात एखादीचे दात साफ केल्यावर हलले आणि पडले, ही गोष्ट दहा गावांत पोचते. त्यामागचं खरं कारण असं. कीटण हिरडीखाली उतरतं, हिरडी सुजते, दाताला धरणारं हाड झिजत जातं. दात केव्हाच सैल झालेला असतो, पण दगडासारखं कीटण त्याला शेजारच्या दाताशी जखडून ठेवतं. पडायला आलेल्या भिंतीला लागलेला मातीचा ढिगारा काढावा आणि भिंत हलताना दिसावी, तसं होतं. ढिगाऱ्याने भिंत पाडलेली असते, काढणाऱ्याने नव्हे. हे आधी समजावून सांगितलं नाही, तर चूक डॉक्टरची. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका आजींना मी हे न सांगता दात साफ केले होते. त्या परत आल्या नाहीत, त्यांच्या वाडीतलं कुणीही नंतर वर्षभर आलं नाही.

दात उजळायचा दुसरा रस्ता म्हणजे ब्लीचिंग. त्या पाकिटातलं जेल त्याच जातीचं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते दाताच्या वरच्या थरातून आत झिरपतं आणि आतला पिवळेपणा फिका करतं. दातांच्या मापाचा साचा करून, त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री दोनेक आठवडे वापरायची पद्धत १९८९ पासून जगभर रूढ आहे आणि निरोगी तोंडात ती चांगली चालते. दवाखान्यात जास्त तीव्रतेचं औषध हिरड्या झाकून लावतात. दात काही दिवस ठणकतात, गार पाणी लागतं, मग बरं होतं. काही महिन्यांनी-वर्षांनी रंग थोडा परततो. सिमेंट भरलेले दात आणि टोप्या मात्र त्याने उजळत नाहीत, त्या आहेत त्याच रंगाच्या राहतात आणि मग जास्तच उठून दिसतात. हे कुठल्याही पाकिटावर ठळक लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. युरोपियन युनियनने २०११ मध्येच नियम केला, की ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेलं दात उजळायचं द्रव्य दंतवैद्याच्या हातूनच सुरू व्हावं, सहा टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही देऊ नये. आपल्याकडे तेच द्रव्य कुरियरने तोरण्याच्या पायथ्याला पोचतं, आणि कीटणाने भरलेल्या, सुजलेल्या, चट्टा असलेल्या तोंडात जातं. कीटणावर ते काम करत नाही, सुजलेल्या हिरडीला मात्र भाजतं. आणि त्या निळ्या दिव्याने फरक पडतो तो एवढाच, की पाकिटाची किंमत वाढते.

तिसरा रस्ता घरचा. आमच्या भातपट्ट्यात तुसाची राखुंडी घराघरांत होती, अजूनही काही घरांत आहे. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, वाळूतली तीच. शेणीची राख, विटेची पूड, मीठ, आणि आता मोबाइलवर पाहून कोळसा, किंवा लिंबू आणि खायचा सोडा. घासल्या घासल्या दात उजळ वाटतो, हे खरं आहे. कारण वरचा थर घासून निघतो. दाताचं हे वरचं कवच शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ आहे, पण ते एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. लिंबाचं आम्ल तर ते आधी मऊ करतं. कवच पातळ झालं की आतला थर दिसू लागतो, आणि आतला थर निसर्गतःच पिवळा असतो. म्हणजे पांढरं करण्यासाठी जितकं घासाल तितका दात पिवळा होत जातो. साठीच्या शेतकऱ्यांचे दात मी पाहते, हिरडीजवळ कुऱ्हाडीने खाच पाडावी तशा खाचा असतात. कोळशाची पूड विकणाऱ्यांवर मला राग येतो तो या खाचांमुळे.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. लहान मुलांचे दात काळे दिसले आणि घरात लोहाचं पातळ औषध चालू असलं, तर घाबरू नका, औषध बंद करू नका. तो वरचा डाग आहे, निघतो. एकच दात करडा पडला असेल तर कधीतरी पडल्या-आपटल्याने त्यातली नस मेलेली असते. त्याला आधी रूट कॅनाल लागतं आणि मग आतून औषध ठेवून तोच दात उजळता येतो. गरोदरपणात किंवा आठ वर्षांच्या आत टेट्रासायक्लिन दिलं गेलं असेल, तर दातांवर करडे-तपकिरी पट्टे राहतात, ते हट्टी असतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग पडतात. तिकडे पहिला उपचार पाण्यावर करावा लागतो. आमच्या डोंगरातल्या झऱ्यांच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांत ते मला क्वचितच दिसतं.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. गेल्या वर्षी बावीस वर्षांची एक मुलगी आली. शहरातल्या एका दवाखान्यात तिचे वरचे आठ दात कानसून त्यांवर सिरॅमिकच्या पातळ पापुद्र्या बसवल्या होत्या. दर दाताला काही हजार रुपये, वडिलांनी कर्ज काढलेलं. पापुद्रीचा उपचार वाईट नाही, टेट्रासायक्लिनच्या पट्ट्यांना कधीकधी तोच लागतो. पण या मुलीचे जुने फोटो मी पाहिले. तिचे दात फक्त चहाने पिवळसर होते. कानसलेला दात परत भरून येत नाही. आता आयुष्यभर दर काही वर्षांनी त्या पापुद्र्या बदलत राहणं आलं. कुणीतरी तिला आधी एकदा दात साफ करून घ्यायला सांगायला हवं होतं.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. मिश्री मात्र तंबाखू म्हणून राजरोस विकली जाते आणि दंतमंजन म्हणून वापरली जाते. तिच्या पुडीवर कर्करोगाचं चित्र असतं, पण डबीत ओतल्यावर चित्र उरत नाही आणि घरी भाजलेलीला पुडीच नसते. कायद्याच्या हाताबाहेरची ही जागा आहे. तिथे फक्त माणूसच पोचू शकतो. आशाताई पोचते, अंगणवाडीताई पोचते. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कार्डावर लिहितात. "मिश्री लावता का" हा प्रश्नही त्याच कार्डावर असायला हवा, कारण आईच्या तंबाखूने पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं आणि आमच्या भागात सासूच सुनेला पहिली चिमूट देते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मग आठवड्यातला एक वार फक्त दात साफ करण्याचा आणि तोंड तपासण्याचा ठरवा, तो बाजाराच्या दिवसाला जोडून घ्या आणि गावोगाव सांगा. मिश्री सोडा असं नुसतं सांगून कुणी येत नाही. दात उजळ करून देतो म्हटलं तर येतील. आल्या की ओठ खाली ओढून पाहता येतं. बायकांच्या या साध्या इच्छेला मी दिखाऊपणा म्हणणार नाही. तोंडाचा कर्करोग वेळेत सापडण्यासाठी आमच्याकडे याहून चांगलं निमित्त नाही.

त्या मावशींच्या चट्ट्याचा तुकडा मी पुण्याला तपासायला पाठवायला लावला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मुलीने कसे काढले ते तिनेच मला सांगितलं. पत्रिका वाटताना रडायची. अहवालात कर्करोग नव्हता. चट्टा मात्र पुढे बिघडू शकतो अशा जातीचा होता. मिश्री थांबवली तर असे पुष्कळ चट्टे कमी होतात, हे मी दोघींना सांगितलं. लग्नाआधी दोन खेपांत दात साफ केले. ब्लीचिंग केलं नाही, करायची गरजच उरली नाही. त्यांचे दात थोडे पिवळसर आहेत, पन्नाशीतल्या निरोगी माणसाचे असतात तसे.

मिश्री एका झटक्यात सुटली नाही. पहिला आठवडा डोकं दुखलं, पोट साफ होईना. मी सकाळी उठल्यावर कोमट पाणी, तलफ आली की बडीशेप किंवा आवळकाठी, आणि रोज एक वेळ कमी असं बांधून दिलं. आषाढात लावणीला गेल्या तेव्हा बांधावर एकीने डबी पुढे केली आणि त्यांनी चार दिवस पुन्हा लावली. पाचव्या दिवशी स्वतः फोन करून मला सांगितलं. "चुकलं ताई," म्हणाल्या. मी म्हटलं, चुकलं तर परत सोडायची. दिवाळीत आल्या तेव्हा ओठ ओढून पाहिला, चट्टा बराच फिका झाला होता. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून मुलीच्या लग्नाचा फोटो काढून दाखवला. त्यात त्या हसत नव्हत्या, पण पदर खांद्यावर होता.

वाचणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. या रविवारी गावी गेलात की आईला, आजीला, आत्याला उजेडात बसवा, हात धुवा आणि त्यांचा खालचा ओठ हळूच बाहेर ओढून पाहा, गालाच्या आतली बाजू पाहा, जीभ बाहेर काढायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तिखट सोसत नाही अशी तक्रार, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, यांतलं काहीही दिसलं तर दातांच्या डॉक्टरकडे न्या, रंगाचं नंतर पाहू. मिश्री सोडायला मदत हवी असेल तर सरकारची तंबाखूमुक्तीची फोनसेवा आहे, तिला पैसे पडत नाहीत. तिचा क्रमांक मिश्रीच्या पुडीवरच छापलेला असतो: १८००-११-२३५६.